मळका दोरा

माझी मावशी संग्रहालयाच्या तळघरात बसून जुन्या औषधांच्या दुकानांतल्या बाटल्या, खल आणि तराजू दुरुस्त करायची. दुरुस्त म्हणजे चकाचक नव्हे; तसं कुणी म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडलीच! ओल्या बोळ्याने तासभर पुसून ती नखाएवढा एक डाग काढायची आणि शेजारचा मुद्दाम ठेवायची. संग्रहालयात तिचं नाव ‘हात लावू नका बाई’ पडलं होतं. तिच्यासमोर चहाचा कप विसळायची आमच्या घरातही कुणाची छाती नव्हती.

प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असायचं. आपण वस्तूचं काय केलं, ते त्यावर लिहायचं.

ती निवृत्त व्हायच्या वर्षी एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानाचं दालन उघडायचं ठरलं. बाटल्या कशा मांडायच्या हे विचारायला त्या दुकानातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरांना बोलावलं. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण तोरा मालकाचा. मावशीने दिलेले हातमोजे त्यांनी सरळ खिशात घातले, एक निळी रिकामी बाटली उचलली आणि तिच्या गळ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“गाठ कुठे गेली?”

“कसली गाठ?” मावशीने विचारलं.

“विषाची बाटली ही. गळ्याला दोन गाठींचा दोरा बांधायचो मी. गर्दीत लेबल वाचताना डोळा चुकतो, बाई. अंगठा नाही चुकत.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कार्ड काढलं. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं, तिचंच अक्षर: ‘मळका दोरा कापून टाकला.’ तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“मग त्यात काय! दोरा आणा, आत्ता बांधतो,” कंपाउंडर म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. “झकास. कुणाला कळणारही नाही.”

आयुष्यभर दुसऱ्यांना धारेवर धरणाऱ्या बाईची चूक पाच मिनिटांत झाकली जाणार होती, तीही खुद्द दोरा बांधणाऱ्याच्या हातून. जीभ ‘हो’ म्हणायला निघालीच होती, असं तिने मला नंतर सांगितलं.

“नको,” ती म्हणाली. “हिचा दोरा मी कापला. ते तसंच दिसू दे. तुम्ही दुसऱ्या बाटलीला बांधून दाखवा.”

“आणि कार्डावर काय लिहायचं?” साहेब तडकले. “आमच्या बाईंनी घोळ घातला?”

“हो. तेच.”

कंपाउंडरांच्या हातून गाठ तीनदा सुटली. मावशी शेजारी बसून एकेक विचारत होती, दोरा कसला घ्यायचे, आधी कुठलं टोक ओढायचं. ते आधी गुरगुरले, मग खुलले, आणि मधेच थांबून चष्मा पुसू लागले.

“चाळीस वर्षं बांधली. ही काय भानगड आहे म्हणून मालकाने एकदा विचारलं नाही.”

दालन उघडलं त्या दिवशी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या. कार्डावर ‘गाठ बांधणारे’ म्हणून त्यांचं पूर्ण नाव आणि ‘मूळ दोरा चुकून कापणारी’ म्हणून मावशीचं. कंपाउंडरांनी आपलं नाव दोनदा वाचलं. मग मावशीचं वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माझं राहू द्या. तुमचं खोडा, बाई. बरं दिसत नाही.”

“खोडलं, तर तुमच्याकडून दुसऱ्या बाटलीला गाठ का बांधून घेतली ते कोण सांगणार?” मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत.