लाहासा त्या पक्ष्यांचं नाव घेत नाही

माझा नवरा लाहासा टुना पकडतो तो काळ्या पाठीच्या सुरय पक्ष्यांच्या मागे होडी घालून. पण पाण्यावर त्यांचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की पक्षी मासे घेऊन जातात म्हणे. आणि आमचं घर खांबांवर, खाली समुद्र! म्हणजे घरातही याची दातखीळ.

काल मकासर शहरातून पक्षी अभ्यासणारे आले. "काका, या पक्ष्यांच्या चार जातींचा आम्ही वेगळा गट केलाय, नवं नाव दिलंय. तुम्ही समुद्रावर राहणारे बाजो लोक काय म्हणता यांना?"

हा ढिम्म.

"म्हणजे तुमच्यात नावच नाही!"

माझं डोकं फिरलं. मी सांगावं, तर उद्या रिकाम्या होडीचं खापर माझ्यावर. "अरे, बोल की!"

त्यानं हनुवटीनं लेकीकडे खूण केली. पक्ष्याचं नाव यानंच हौसेनं तिला ठेवलंय, आणि जन्मापासून हाक मारतोय, "ए पोरी!"