चावून भरवलेला घास

माझा थोरला भाऊ वीर गावच्या रेल्वे स्टेशनवर रिक्षा चालवायचा. गाडीतून उतरलेली माणसं महाडला सोडायचा आणि संध्याकाळी तुडीलला घरी यायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्याच्या मानेवरची गाठ पहिल्यांदा पाहिली ती दासगावच्या न्हाव्याने. दाढी करता करता त्याने विचारलं, "हे काय हो? दुखतं?" दुखत नव्हतं, म्हणून दादाने ते घरी कुणाला सांगितलंच नाही.

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री घामाने अंथरूण भिजायचं. वहिनीने शर्ट आत घेऊन शिवले, तरी ते अंगावर लोंबू लागले. मी पोलादपूरला शाळेत शिकवते. शनिवारी माहेरी गेले आणि त्याला बघून हबकलेच. महाडच्या डॉक्टरांना आधी टीबीची शंका आली. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, आणि निघाला रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. गाठींमधल्या पेशींचा.

मुंबईच्या हॉस्पिटलात मी त्याच्याबरोबर होते. डॉक्टर तरुण बाई होत्या. रिपोर्ट बघत म्हणाल्या, "या पेशींमध्ये एक विषाणू सापडलाय."

दादा दचकला. "करोनासारखा? म्हणजे घरच्यांना पण होणार?"

"नाही हो. हा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतो. माझ्याही असेल. बहुतेकांना लहानपणीच लागतो, लाळेतून, एकमेकांच्या उष्ट्यातून. थोडा ताप येतो, कधी तेवढंही कळत नाही. मग तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जन्मभर गप्प पडून राहतो. अगदी थोड्या जणांत पुढे त्या पेशी बिघडतात."

"मग माझ्यातच का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते आम्हालाही पुरतं माहीत नाही."

गावात तोवर कुजबुज पोचली होती. दादाला बघायला आलेली माणसं पडवीच्या कडेलाच बसायची, चहा नको म्हणायची. एके दिवशी त्याने सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकलं, "अरे, घाबरताय काय? हा रोग पसरत नाय. तो विषाणू तर तुमच्या अंगात पण हाय. लहानपणी उष्ट्यातून येतो, डॉक्टरीण म्हणाली." माणसं हसली, सरकून जवळ बसली. कुणीतरी चहाही मागितला.

दारात आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच राहिला.

संध्याकाळी मी चुलीपाशी होते. ती जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "गो, मी त्याला चावून भरवलंय."

"काय?"

"भाकर. माझं दूध आटलं होतं. पोर वाळून काडी झालेलं. दात नव्हतं त्याला. मी भाकर चावायची नि बोटान त्याच्या तोंडात सारायची. तुझ्या वक्ताला दूध होतं. तुला नाय गो तसं भरवलं."

मी सगळं समजावलं. तेव्हा घरोघरी आया तसंच भरवायच्या. तो विषाणू माझ्याही अंगात असणार. तो तिच्याकडूनच आला असं कुणीच सांगू शकत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तुला का नाय झालं?"



त्या दिवसापासून तिने आपलं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. दादा घरात असला की ती मागच्या दारी बसायची. त्याला आधी वाटलं, ती रोगाला भ्यायली. त्याला ते फार लागलं. शेवटी मीच त्याला खरं सांगितलं.

केमोने त्याच्या तोंडात फोड आले होते. पाणी गिळतानाही डोळे भरायचे. वहिनीने केलेली पेज तशीच निवून गेली होती. तो मागच्या दारी गेला, भिंतीला धरून आईच्या समोर बसला आणि म्हणाला, "आये, तू भरव."

"माझा हात नको रे तुला."

"का नको? तू चावून दिलं नसतंस तर मी तेव्हाच गेलो असतो. एवढी वर्षं जगलो, लगीन केलं, पोरगी झाली, ते कुणाच्या जिवावर?" त्याला बोलताना दुखत होतं. "भरव म्हणतो ना."

तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग चमच्याने, घासावर आपला श्वासही न पडू देता, वाटीभर पेज त्याला भरवली. त्याने सगळी खाल्ली. वहिनी आणि मी आतच उभ्या राहिलो.

गाठ विरली. केस परत आले. दादा पुन्हा स्टेशनवर जाऊ लागला, लेकीचं लग्नही त्याने हौसेने केलं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण पुढच्या भातलावणीच्या सुमारास काखेत नव्या गाठी आल्या, आणि या वेळी औषधं लागू पडली नाहीत. महाडच्या दवाखान्यात, भर दुपारी, तो गेला. आई उशाशी होती. रडली नाही. त्याचे ओठ तिने ओल्या फडक्याने पुसले आणि ते फडकं कुणाला धुवायला दिलं नाही.

भाचीला यंदा मुलगा झाला. बाळंतपणाला ती तुडीललाच आहे. आई त्याच्यासाठी दुपटी शिवते, दृष्ट काढते, पण त्याला मांडीवर घेत नाही. भाची मुद्दाम बाळाला तिच्याशेजारी घोंगडीवर ठेवते आणि काम आहे म्हणून आत निघून जाते. मग आई पदर नाकातोंडावर घट्ट ओढून घेते आणि त्याच्याशी बोलत बसते. बाळ तिच्या डोळ्यांकडे बघून हसतं. एकदा मी पदर सारायला हात पुढे केला. तिने मान फिरवली आणि पदराआडूनच म्हणाली, "ऱ्हाव दे गो. असंच बरं हाय."