विकायला ठेवलेली ओळखपत्रं

झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून राहून तिच्या पायांचे खांब झाले होते. दुकान धाकट्या दिराचं, राबणं तिचं. विरंगुळा एकच, मशीनवर ठेवता ठेवता लोकांचे कागद वाचणं.

एकदा एका प्राध्यापकाने छापायला दिलेला लेख तिने असाच वाचला. इंटरनेटवर नावगाव लपवून हिंडता येतं, तिथे चोरबाजार भरतो, असं त्यात होतं. ते तिच्या डोक्यात घर करून बसलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने लेखात सांगितलेला, नावगाव लपवणारा ब्राउझर दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेतला, आणि चाचपडत एकदाची त्या बाजारात पोचली.

बघून हिरमोडच झाला. नशेच्या गोळ्या, चोरलेली कार्डं, आणि खाली शेरे: ‘माल वेळेत मिळाला, आभारी आहे.’ वाण्याचं दुकान बरं.

कंटाळून ती बंद करणार, तोच ओळखपत्रांचं पान उघडलं. नमुन्याच्या फोटोत मागच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका होत्या. कार्ड धरलेला अंगठाही स्कॅनमध्ये आला होता. लॅमिनेशनच्या मशीनने नख जळालेला तो अंगठा तिचाच होता.

दुकानाच्या कॉम्प्युटरमधूनच कुणीतरी हे उचलत होतं.

दीर आल्यावर तिने दाखवलं. त्याने आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

“वहिनी, कुणाला कळलंय का?”

“नाही.”

“मग कळू देऊ नका. दुकान बसेल.”

“भाऊजी, ती माणसं रोज समोरून जातात.”

“जाऊ द्या ना.”

संध्याकाळी ती शिक्षिकेच्या घरी गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“म्हणजे मला विकायला ठेवलंय. घेतलं का कुणी?”

दोघींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. सकाळी त्या मिळून पोलिसांकडे गेल्या. तिथल्या हवालदाराने एकच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा विचारली, “पण तुम्ही तिथे गेलातच कशाला?”

“बघायला,” ती म्हणाली.

कॉम्प्युटर जप्त झाला, दुकानाला कुलूप लागलं. चोर काही सापडला नाही. दिराने बोलणं टाकलं; पण दुकान पुन्हा उघडल्यावर मशीन दुसऱ्या कुणाला जमेना, तेव्हा त्याने तिलाच बोलावलं. आता ती प्रत्येक स्कॅन गिऱ्हाईकासमोर पुसते. घाईतली माणसं वैतागतात.

“थांबा जरा,” ती म्हणते, आणि दुखरा पाय बदलून उभी राहते.