सुकरतीबाईंना न दिसलेलं बटण

सुकरतीबाई मरावी हे नाव माझ्याकडे दोनदा आलं. पहिल्यांदा तक्रारीत आणि दुसऱ्यांदा कामचुकारांच्या यादीत. पहिल्या वेळी मी नीट लक्ष दिलं असतं तर दुसरी वेळ आलीच नसती.

जबलपूरजवळ कुंडमच्या जंगलपट्ट्यात एक संस्था आहे. तिच्या आरोग्य सखी वस्त्यांवर घरोघर जाऊन लहान मुलांची वजनं घेतात, पोटुशा बायकांची विचारपूस करतात. आधी त्या वहीत लिहायच्या. मग वही गेली आणि मोबाईल आला. त्या मोबाईलवर प्रश्न कुठे दिसावा, उत्तर कुठे भरावं, बटण कुठे असावं, हे ठरवणं माझं काम. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका लहानशा कंपनीत मी हेच करते.

एका गुरुवारी संस्थेच्या प्रणोती मॅडमचा फोन आला. त्या पुण्याकडच्या, इथे येऊन वर्षही झालेलं नाही.

"वीणाताई, एक सखी आहेत. तीन महिन्यांत एकही भेट नोंदवलेली नाही. विचारलं तर म्हणतात, रोज जाते. सोमवारच्या बैठकीत त्यांना काढायचं ठरतंय. त्याआधी तुम्ही येऊन बघता का? उगीच अन्याय नको व्हायला."

"नाव काय त्यांचं?"

त्यांनी सांगितलं, सुकरतीबाई मरावी. तीन महिन्यांपूर्वी याच बाईंचा आवाजी निरोप मला पाठवला गेला होता. "मैडम, हरी बटन हमें नहीं दिखती." एवढंच वाक्य. माझ्या मोबाईलवर माहिती पाठवायचं ते हिरवं बटण लख्ख दिसत होतं. मी उत्तरात लिहिलं, 'वापरणाऱ्यांना आणखी प्रशिक्षण हवं.' आणि जेवायला उठले.

आता माझं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तुमसरची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन जबलपूरला आले, घमापुरात राहते. कॉम्प्युटरचा कोर्स केला, पण ऑफिसात सगळे इंग्रजी फाडणारे. मी तोंड उघडलं की हसतील, अशी धास्ती कायम. म्हणून माझं काम तरी कुणाला गावठी वाटू नये, असं मनात धरून होते. बारीक अक्षरं, भरपूर मोकळी जागा, फिकट रंग. आमचे मालक अंबरीशजी पहिल्या आराखड्यावर म्हणाले होते, "वहिनी, बटण थोडं मोठं करा ना, खेड्यात वापरणार आहेत." मी म्हटलं, "इतकं मोठं बटण बैलगाडीच्या चाकासारखं दिसते." सगळे हसले. मला बरं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी देवापुढे रामरक्षा म्हणायला बसले, पण मन ठिकाणावर नव्हतं. तशीच उठले आणि बस धरली.

सुकरतीबाई रस्त्यावरच वाट पाहत उभ्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, सडपातळ, डोक्यावर पदर, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. आठवी शिकलेल्या. सासऱ्यांनी शिकलेली सून म्हणून मिरवलं होतं, असं त्यांनी चालता चालता सांगितलं. पहिलं मूल तापात गेलं, कारण ताप मोजणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून हे काम धरलं होतं. बारा वर्षं, तीन वस्त्या, मधे एक नाला.

"मैडम, आप इतनी दूर काय खों आईं?" त्या म्हणाल्या, कशाला एवढ्या लांब, अशा सुरात. "हमें फोन पे डाँट देतीं."

पहिल्या घरापाशी एक पोर रडत होतं. सुकरतीबाईंनी त्याला झोळीत टाकून काट्याला लटकवलं. डाव्या हातात झोळीची दोरी, उजव्या हातात मोबाईल, वरून ऊन. मी टेबलाशी बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, पंख्याखाली तो फॉर्म बनवला होता. उन्हात माझ्या फिकट रंगांचा पत्ताच नव्हता. त्या पदराची सावली करून अंगठ्याने एकेक उत्तर भरत होत्या. अक्षरं मात्र केवढी मोठी! दिसत नव्हतं म्हणून बाजारातल्या दुकानदाराकडून त्यांनी मोबाईलची अक्षरं सगळ्यात मोठी करून घेतली होती.

सगळं भरून झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या, स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि मोबाईल कमरेला खोचला.

"भेज दिया?" मी विचारलं.

"हओ, भर तो दिया," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्या माझ्यासाठी पाणी आणायला आत निघाल्या तेव्हा मी त्यांचा मोबाईल मागून घेतला. फॉर्म उघडला. अक्षरं मोठी असल्यामुळे शेवटचा प्रश्नच खालच्या कडेला टेकला होता. बटण त्याच्याखाली, स्क्रीनच्या बाहेर. बोटाने वर सरकवायला गेले तर पान हलेना. कसं हलेल? पान डगमगलेलं बरं दिसत नाही म्हणून मीच ते जागच्या जागी बांधून टाकलं होतं. अक्षरं लहान केली. लगेच तळाशी हिरवं बटण आलं. नाजूक, सुबक, माझं.

मी घाईघाईने अक्षरं पुन्हा मोठी केली, जशी होती तशी. मोबाईल ओट्यावर ठेवला. सुकरतीबाई पाणी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना बटणाचं सांगितलं नाही. "देखते हैं," म्हटलं. पाणी प्यायले.

निघताना दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. गेरूने तारखा लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे वजन. वहीच्या काळात सखींची ही रीत होती, घरच्यांनाही कळावं म्हणून. मोबाईल आल्यावर संस्थेने सांगितलं, भिंती खराब करू नका. बाकीच्यांनी सोडलं. सुकरतीबाईंनी सोडलं नव्हतं. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्याही. तीन महिने त्यांनी एकही घर चुकवलेलं नव्हतं. आणि मी लिहिलं होतं, प्रशिक्षण हवं.

परतीच्या बसमधून अंबरीशजींना फोन करून सगळं सांगितलं.

"काहून आपलं नाव घेता, वहिनी?" ते म्हणाले. "तांत्रिक अडचण होती म्हणा. खोटं आहे का? नाही ना. पुढचं काम पण त्यांच्याकडूनच यायचं आहे. बाईंची नोकरी वाचली म्हणजे झालं न."

मलाही ते सोयीचं वाटलं. हे लिहिताना कान तापून राहिले आहेत, पण वाटलं खरं.

सोमवारी सतरा-अठरा सखी सतरंजीवर बसल्या होत्या. प्रणोती मॅडमनी सुकरतीबाईंना उभं केलं. त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "गलती हमई से भई होगी, दीदी. पर घर हमने एक नहीं छोड़ा."

मागून कुणीतरी म्हणालं, "सब यही बोलते हैं." दोघी-तिघी हसल्या.

मी उठले. म्हटलं, "एक तकनीकी दिक्कत थी. इनके दौरे हुए हैं. मैंने खुद दीवारों पर तारीखें देखी हैं."

प्रणोती मॅडमचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच मिटला!" त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना हिंदीत सांगितलं, सुकरतीबाई कामावर राहतील. तोवर सुकरतीबाई माझ्यापाशी आल्या होत्या. त्यांनी हात जोडले, वाकल्या, आणि माझ्या पायांना हात लावला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मैडम ने हमाई लाज रख ली. नर्मदा मैया इनका भला करे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

ज्या मैयाचं नाव घेऊन मी रोज दिवा लावते, तिचा आशीर्वाद मला त्या बाईच्या तोंडून मिळत होता. मी सुकरतीबाईंचे हात धरून त्यांना वर उठवलं. मग त्यांचा मोबाईल घेतला आणि सगळ्यांना दाखवत जे आहे ते सांगून टाकलं. बटण मी असं बसवलं की अक्षरं मोठी केली की ते दिसेनासं होतं. पान हलू नये अशी सोयही मीच केली. आणि यांनी मला विचारलं होतं. यांचा निरोप मला मिळाला होता. मी म्हटलं, यांनाच येत नाही.

प्रणोती मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी मान वळवली.

सुकरतीबाई मोबाईलकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तो मैडम, हमाई आँखें ठीक हैं?"

मला आधी समजलंच नाही.

"हम तो समझे कि नजर जा रही है. सबको दिखती है बटन, हमें नईं दिखती. किसी को बताया भी नईं, कि अंधी समझ के निकाल देंगे. मैया को नारियल बोल रखा था हमने."

तीन महिने ती बाई नाला ओलांडून वस्त्यांवर गेली, पोरांची वजनं घेत राहिली, आणि आपण आंधळ्या होत चाललो आहोत हे मनात दाबून घरी परतली. माझं काम नेटकं दिसावं म्हणून.

"ठीक हैं," मी म्हटलं. "आपकी आँखें ठीक हैं." माफी मागायची होती, ती राहूनच गेली. त्या मात्र हसल्या. "अच्छा! तो नारियल तो चढ़ाना पड़ेगा."

अंबरीशजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच एक जुना, काच तडकलेला मोबाईल आणून माझ्या टेबलावर ठेवला. आता नवा फॉर्म आधी त्याच्यावर उघडते, अक्षरं सगळ्यात मोठी करून. मग दुपारी गच्चीवर जाते, डाव्या हातात पाण्याची भरलेली बादली धरते आणि एका अंगठ्याने भरून बघते. शेजारच्या ऑफिसातले लोक बघतात. बघू देत. बटण आता रुंद आणि गडद आहे, बैलगाडीच्या चाकाएवढं. भेटीची नोंद पोचली की पूर्ण स्क्रीनभर खूण येते.

मागच्या महिन्यात कुंडमला गेले होते. सुकरतीबाईंनी फॉर्म भरला, बटण दाबलं, खूण आलेली मला दाखवली. मग पिशवीतून गेरूचा खडा काढला आणि चौकटीवर तारीख लिहिली.

प्रणोती मॅडम मला म्हणाल्या होत्या, भिंतींवर लिहू नका म्हणून त्यांना एकदा सांगा. मी सांगितलं नाही. मी कोणत्या तोंडाने सांगू?