तक्रारताई शिबिराला जातात

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर तक्रारींची खोली होती. दोन टेलिफोन, एक लांबलचक वही आणि त्या वहीपुढे एक बाई. या बाईंनी तिथे एकतीस वर्षं काढली. कचेरीत, गल्लीत, अगदी माहेरीसुद्धा त्यांना सगळे ‘तक्रारताई’ म्हणत. खरं तर त्यांनी स्वतः जन्मात कुणाची तक्रार केली नव्हती. त्या नुसत्या लिहून घ्यायच्या.

नळ कोरडा आहे हे सांगायला फोन करणारा माणूस तेवढंच सांगून कधी थांबत नाही. कुणाकडे कालच बाळ झालेलं असे. कुणाचा नवरा डोक्याला साबण फासून न्हाणीघरात तसाच बसलेला असे आणि तिथूनच ओरडून काय सांगायचं ते बायकोला सुचवत असे. एक आजोबा तर दर मंगळवारी साडेदहाला फोन करत. त्यांच्याकडे पाणी चांगलं धो धो यायचं, पण बोलायला घरात कुणी नव्हतं. वहीत तक्रारीचा रकाना मात्र चार बोटांचा. त्यात मावेल तेवढंच ताई लिहीत: ‘पाणी नाही’, ‘पाणी गढूळ’. आजोबांच्या नावापुढे काहीतरी लिहायला हवं, म्हणून ‘दाब कमी’.

निवृत्त झाल्या आणि रकान्यात न मावलेलं सगळं डोक्यात गर्दी करायला लागलं. एका दुपारी त्यांनी कॅलेंडरचं उलटलेलं पान घेतलं आणि त्याच्या पाठीवर साबणवाल्या नवऱ्याची हकिकत लिहून काढली. मग दुसरी, मग तिसरी. दोन वर्षांत चांगला गठ्ठा झाला. तो त्या शिलाई मशीनच्या झाकणाखाली ठेवत, कारण त्या मशीनकडे घरात दुसरं कुणी ढुंकूनही बघत नसे.

लपवायचं कारण काय? यजमान शाळेत गणित शिकवलेले. लग्नाचं आमंत्रणसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचणारे. मुलगा थट्टेखोर, त्याने वर्षभर पुरवून पुरवून चिडवलं असतं. राहता राहिली सूनबाई. ती दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात नाजूक, वागणं त्याहून नाजूक. ती वाचेल, “छान आहे हो आई,” म्हणेल आणि विषय तिथेच संपेल, हे ताईंना ठाऊक होतं. नऊ वर्षांत या सासूसुनांचा आवाज एकदाही चढला नव्हता. शेजारणी त्यांचं उदाहरण देत. दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागत, की जणू दोघींच्या मधे कुणी काठोकाठ भरलेलं पातेलं धरायला दिलंय.

अशात वाचनालयाच्या फळ्यावर त्यांना एक कागद दिसला. महिलांसाठी लेखनशिबिर, शनिवार-रविवार, तळ्याकाठच्या घरात राहून. त्यांनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं आणि घरी सांगितलं, “दोन दिवस बहिणीकडे जाऊन येते.”

त्याच जेवणात सूनबाई म्हणाली, “मलाही शनिवार-रविवार प्रशिक्षण आहे. नवीन यंत्र आलंय.”

मुलाने घास हातातच धरला. “म्हणजे घरात आम्ही दोघंच?”

“अंडी आहेत ना?” यजमान म्हणाले. “मग झालं.”

शनिवारी पहिल्या बसने ताई तळ्याकाठी पोचल्या. बैठं घर, मोठी पडवी, आत गोल मांडलेल्या दहा खुर्च्या. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची धरली, चहा घेतला आणि पहिला घोट घेतात न घेतात तोच दार उघडलं.

“माफ करा हं, बस चुकली,” असं म्हणत सूनबाई आत आली.

ताईंनी कप तसाच बशीत ठेवला. सूनबाई दारातच खिळली. मग सूनबाईने कुणा परक्या बाईला करावा तसा ताईंना नमस्कार केला आणि समोरच्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसली. ताईंनीही तसाच नमस्कार परत केला. आळीमिळी गुपचिळी.

शिबिर घेणाऱ्या बाई उंच, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी एकेकीला ओळख करून द्यायला सांगितली. ताई म्हणाल्या, “मी निवृत्त आहे. वेळ जात नाही, म्हणून आले.” सूनबाईची पाळी आली तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, “मी कवळ्या करते. इथे आलेय हे घरी सांगितलेलं नाही.”

“मी तर गुडघा दाखवायला गेलेय,” शेजारची एक जाडजूड बाई म्हणाली. ती एका हॉटेलात चादरी-अभ्रे सांभाळत असे. त्यावर आणखी तिघींनी आपापल्या थापा सांगितल्या आणि खोलीत हशा पिकला. हसल्या नाहीत त्या दोघीच.

मग जोड्या पाडायची वेळ आली. बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि या दोघींवर बोट ठेवलं. “तुम्ही दोघी फार गप्प आहात. एकमेकींच्या ओळखीच्या नाही ना?”

“नाही,” दोघी एका सुरात म्हणाल्या. एकदा थाप मारली की ती निभवावीच लागते.

हातात प्रश्नांची चिठ्ठी घेऊन दोघी पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या. समोर तळ्यात दोन बदकं.

“मावशी कशा आहेत?” शेवटी सूनबाईने विचारलं.

“मजेत आहे. तुझं नवीन यंत्र काय म्हणतंय?”

सूनबाईला हसू फुटलं. मग ताईंनाही. आतल्या बायका वळून बघेपर्यंत दोघी हसत राहिल्या. हसून डोळे पुसल्यावर सूनबाईने चिठ्ठीतला पहिला प्रश्न वाचला. “मनातून नको असतानाही रोज करता अशी गोष्ट कोणती?”

ताईंनी जरा विचार केला. खोटं बोलायची ताकद आता संपली होती. “रागावू नकोस,” त्या म्हणाल्या, “पण रोज संध्याकाळी आपण बघतो ना, ती मालिका. मला ती डोळ्यांसमोर नको वाटते. तू दमून येतेस, तुला तेवढाच विरंगुळा म्हणून बसते झालं.”

सूनबाईने चिठ्ठी खाली ठेवली. “आई, मी ती तुमच्यासाठी लावते.”

“माझ्यासाठी?”

“तुम्ही दिवसभर एकट्या असता, म्हणून. मला त्यातल्या माणसांची नावंसुद्धा माहीत नाहीत.”

“किती वर्षं झाली गं?”

“सहा तरी.”

सहा वर्षं रोज अर्धा तास. ताईंनी कपाळाला हात लावला. यजमान जवळ असते तर त्यांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला असता.

दुपारी सगळ्या लिहायला बसल्या. सूनबाईने कवळीबद्दल लिहिलं. माणूस कधी समोर येत नाही, येतो त्याच्या जबड्याचा साचा. त्या साच्यावरून हा माणूस हसत कसा असेल याचा ती मनात अंदाज बांधते आणि त्या हसण्याला शोभतील असे दात बसवते. तिने हे वाचून दाखवलं तेव्हा ताईंना वाटलं, ही माझ्याच घरात राहते आणि मला हिचा पत्ताच नाही.

मग ताईंनी मंगळवारचे आजोबा वाचले. वाक्यं कचेरीतल्यासारखीच, तुटक. ‘नाव दिले. पत्ता दिला. तक्रार विचारली. म्हणाले, आज ढग आहेत.’ संपताच त्यांनी कागदाची घडी घातली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, पण पुढे त्या आजोबांचं काय झालं?” चादरीवाल्या बाईने विचारलं.

“एका मंगळवारी फोन आला नाही,” ताई म्हणाल्या. “बुधवारी मी शिपायाला नळ तपासायला म्हणून पाठवलं. तर त्यांची मुलगी परगावाहून राहायला आलेली. आजोबांनी निरोप दिला, बाईंना सांगा, या आठवड्यात दाब चांगला आहे.”

“आई, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत,” सूनबाई एकदम बोलून गेली.

खोलीतल्या सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग ताईंकडे. “आई?” शिबिराच्या बाईंनी विचारलं.

ताईंनी कागद खाली ठेवला. “सून आहे माझी. आता तक्रार तरी कुणाची करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.”

चादरीवाली बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली आणि जो गुडघा तिने घरी दुखवून ठेवला होता तोच तिला खरंच लागला. मग त्यावर बर्फ धरायला चौघी धावल्या.

रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. आवाजात घबराट. “अगं, मावशी म्हणते आई तिच्याकडे आलीच नाही.”

“काळजी करू नका,” सूनबाई म्हणाली. “त्या माझ्याशेजारी बसल्यात.”

“तुझ्या प्रशिक्षणात?”

“हो. आम्ही दोघी लिहायला शिकतोय.” आणि तिने सगळं खरं सांगून टाकलं. मग पलीकडे यजमानांनी फोन हातात घेतला. “तिला म्हणावं, ऱ्हस्वदीर्घ सांभाळ.”

“त्यांना सांग, अंड्यांचं भांडं घासून ठेवा,” ताई म्हणाल्या.

संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी आल्या. मुलाने अपेक्षेप्रमाणे आठवडाभर थट्टा केली, मग त्यालाच कंटाळा आला. यजमानांनी गठ्ठा मागून घेतला, पेन्सिल कानावर ठेवून वाचायला बसले आणि साबणवाल्या नवऱ्यापाशी इतके हसले, की पेन्सिल कुठे पडली ते त्यांना कळलंही नाही.

दोघी आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसू लागल्या. महिनाभराने एकदा सूनबाईने ताईंचा अख्खा एक परिच्छेद काट मारून उडवला.

“हा का काढलास?”

“भरताड आहे, आई.”

“भरताड? त्यात त्या बाळाचा जन्म आहे.”

“बाळ राहू द्या. पण त्याच्या आत्याच्या प्रवासाचं काय करायचंय आपल्याला?”

“आत्या नसती तर फोन कुणी केला असता?”

शब्दाने शब्द वाढला. आवाज चढले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मुलगा बाहेरून धावत आला. “काय झालं? भांडताय का तुम्ही?”

“तू जा बाहेर,” त्याच्याकडे न बघता ताई म्हणाल्या. “आम्ही काम करतोय.” आणि आत्या ठेवायचीच असं ठरवून त्यांनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला.