रांगेतलं शेवटचं टेबल

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सरकारवर विश्वास असलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि सरकारी कचेरीला त्यांच्याइतकी धास्ती दुसऱ्या कुणाची वाटली असेल असंही मला वाटत नाही. मोर्च्यांना कचेरी घाबरत नाही. मी स्वतः विरार स्टेशनाबाहेर पाण्यासाठी पत्रकं वाटली आहेत, कचेरीच्या दारात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. आतले लोक खिडकी लावून घेत आणि चहा मागवत. पण काका हातात मोजपट्टी घेऊन आत शिरले की तेच चहाचे कप ओठांपाशी थबकत. काका त्याच कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीचं नाव सांगत नाही. वसई-विरारमध्ये राहणारा प्रत्येक माणूस दाखल्यासाठी कुठल्या ना कुठल्या खिडकीशी उभा राहिलेला आहे, त्यानं आपापली कचेरी डोळ्यांसमोर आणावी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा काकांना पुण्याला एका प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. अशा प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं हे ठरलेलं असतं: ज्याच्यावाचून कचेरीचं काही अडत नाही त्याला. बाकीची मंडळी दुपारनंतर साड्या आणि बाकरवडी घ्यायला गेली, काका एकटे वर्गात बसून राहिले. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरनं तिथं जपानी कारखान्यांची पद्धत सांगितली. काम ज्या वाटेनं जातं ती वाट आधी स्वतः चालून बघा, आणि वाटेवरचं जे कुणाच्याच उपयोगाचं नाही ते काढून टाका. बस, एवढंच. पण माणसं दीक्षा घेऊन परततात तसे काका परतले, आणि पहिला बळी गेला मावशीच्या स्वयंपाकघराचा.

भिंतीवर झारा, उलथणं, किसणी यांच्या खडूनं बाह्यरेषा काढल्या गेल्या, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते दारातूनच कळावं. दाराशी प्रत्येकाच्या चपलांचे ठसे रंगवले. मी गेले की माझ्या पायाला तिथं ठसा नसे, म्हणून काका मला चपला हातात धरून आत यायला लावत. "अहो, हे घर आहे, कारखाना नाही," मावशी म्हणायची. "घरातच जास्त वाया जातं," काका म्हणायचे, आणि मीठ चुलीपासून किती लांब आहे ते मोजायला बसायचे.

गणपतीत तर कहर झाला. उकडीचे मोदक करायला मावशीच्या जावा जमत, प्रत्येकजण आपापलं ताट घेऊन बसे, आणि आरती कायम खोळंबे. काकांनी त्या वर्षी सगळ्यांना ओळीनं बसवलं. एकीनं पारी करायची, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं कळ्या मिटायच्या, आणि मोदक साठू न देता लगेच मोदकपात्रात सोडायचा. आरतीच्या कितीतरी आधी मोदक तयार! बायका रिकाम्या हातांनी एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, मोदक झाले हो वेळेवर, पण वन्संच्या सुनेचं पुढं काय झालं ते मात्र अर्धवटच राहिलं." काका हसले नाहीत. बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे गप्पा हे मुख्य उत्पादन होतं. ते मी धरलंच नव्हतं." पुढच्या वर्षी त्यांनी ओळ मोडून बायकांना गोल बसवलं. हा माणूस चूक दाखवली की रागवत नसे, उलट हरवलेली किल्ली सापडल्यासारखा खूश होई.

कचेरीत त्यांनी जे केलं ते ऐकून मात्र माझा आधी विश्वास बसला नाही. दाखल्याचा अर्ज कुठून कुठं जातो ते त्यांना चालून बघायचं होतं. म्हणून एका सकाळी गळ्यात 'अर्ज' असं लिहिलेला पुठ्ठा अडकवून ते आवक टेबलावर, कागदांच्या ढिगाशेजारी, मांडी घालून बसले.

"भाऊसाहेब, हे काय?" तिथल्या मॅडम ओरडल्या.

"मी अर्ज आहे."

"उतरा खाली, मला डबा खायचाय."

"अर्ज आपला आपण उतरत नाही. कुणीतरी पुढं न्यावा लागतो."

मॅडमनी वैतागून त्यांना दंडाला धरून शेजारच्या टेबलावर नेऊन सोडलं, आणि तिथल्या कारकुनानं, नेहमीच्या सवयीनं, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काका संध्याकाळपर्यंत तिथंच होते. कुलूप लावायला आलेला शिपाई म्हणाला, "साहेब, अर्ज असाल तर कपाटात ठेवतो. माणूस असाल तर घरी जा."

सारी कचेरी हसली, पण पुढचे काही दिवस काका असेच टेबलाटेबलावर बसत गेले, आणि त्यातून त्यांना एक गोष्ट कळली. मधली दोन टेबलं, आधीच्या टेबलानं सही केली आहे ना, एवढंच बघत होती. त्यांनी साहेबांच्या मागं लागून ती दोन्ही काढायला लावली. उरलेली टेबलं वेगवेगळ्या खोल्यांतून आणून एका हॉलमध्ये ओळीनं मांडली. अर्जदारानंच कागद घेऊन एका टोकाला शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला दाखला घेऊन बाहेर पडायचं.

त्या जूनमध्ये मी मुद्दाम बघायला गेले. कळंबहून एक कोळीण आली होती, लेकीला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. ओळीच्या शेवटी दाखला हातात पडला तरी ती हलेना.

"आता कुठं जाऊ?" तिनं काकांना विचारलं.

"घरी जा, बाई. झालं काम."

"आज? अरे बाबा, मी तर जेवन बांधून आनलंय!"

मग तिनं तिथंच बाकावर फडकं सोडलं आणि काकांनाही भाकरी-सुकट खायला बसवलं. इतकी वर्षं मी ज्या क्रांतीची पत्रकं वाटत होते ती बहुधा अशीच दिसत असावी, असं मला तेव्हा वाटून गेलं.

बातमी वर पोचली. मोठे साहेब आले, शाल आली, श्रीफळ आलं, फोटो निघाले. आणि मागोमाग हुकूम आला. इतकी चांगली पद्धत टिकली पाहिजे, सबब कचेरीत 'सुधारणा कक्ष' स्थापन करण्यात येत आहे. प्रत्येक दाखला नव्या पद्धतीनंच निघाला आहे याची खातरजमा या कक्षानं करावी आणि तसा शिक्का मारावा. कक्षप्रमुख अर्थातच काका. ओळीच्या शेवटी त्यांच्यासाठी नवंकोरं टेबल मांडलं गेलं, काच बसवलेलं.

रांग त्या टेबलाशी तुंबू लागली. काका घाम पुसत भराभर शिक्के मारायचे, पण शिक्का मारायचा तर कागद बघायला हवा, बघायचा तर वेळ लागणारच. एक दिवस रांगेतला एक म्हातारा वाकून म्हणाला, "भाऊ, तुमचं काम काय हो?"

"अर्ज लवकर जातोय ना, ते बघायचं."

"मग थांबवलाय कशाला?"

त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं मावशी सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर प्रस्ताव पाठवला: सुधारणा कक्षाचं टेबल निरुपयोगी आहे, ते त्यावरच्या पदासह काढून टाकावं. मावशी हवालदिल झाली. लेक बारावीला, विरारच्या फ्लॅटचे हप्ते चालू, निवृत्ती थोड्या वर्षांवर. "मारा की शिक्के गपचूप," ती म्हणाली, "तुमच्याइतका झटपट शिक्का दुसरं कोण मारणार आहे?"

"झटपट असला तरी फुकटचा आहे गं तो."

'खुर्च्या खाली करा' हे मी किती भिंतींवर लिहिलं असेल. स्वतःची खुर्ची खाली करणारा माणूस मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझ्याच घरातला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो. पण आज त्याच्यासोबत संतापही येतो. कारण वरच्यांनी त्या प्रस्तावातला सोयीचा तेवढा भाग उचलला. काकांची बदली डोंगरातल्या एका तालुक्याला झाली, आणि टेबल तिथंच राहिलं. त्यावर दुसरे गृहस्थ येऊन बसले. त्यांना घंटी लागे, मदतनीस लागे, दुपारी डुलकी लागे. मदतनिसासाठी आणखी एक टेबल आलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हॉलमध्ये गर्दी फार होते, आणि टेबलं एकेक करून पुन्हा आपापल्या खोल्यांत गेली.

"चूक माझीच," काका बदलीच्या गावाहून सुट्टीत आले की म्हणायचे. "टेबल आधी हलवायला हवं होतं, माणूस नंतर. मी आधी स्वतः उठलो." मी भडकून म्हणायचे, "चूक तुमची कशी? चोर ते!" त्यावर काका मान हलवायचे. लोक चोर आहेत हे त्यांना कधी पटलंच नाही. लोकांना वाट नीट दिसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता ते निवृत्त आहेत. केस पिकलेत, ऐकू कमी येतं. परवा मला कसल्याशा दाखल्यासाठी त्या कचेरीत जावं लागलं. परत येताना वाटेत मावशीकडे गेले. काका गॅलरीत बसले होते. कचेरीतून आलेय म्हणत मी जवळ बसले तशी त्यांनी हळूच, मावशीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "किती टेबलं झाली गं आता?"

मी मनातल्या मनात मोजली. आवक, त्याच्या शेजारचं, जिन्याखालचं, वरच्या मजल्यावरची, मदतनिसाचं. पुष्कळ झाली.

काका वाट बघत होते. कान माझ्याकडे केलेला, डोळे समोरच्या इमारतींवर. मी खऱ्याहून एक कमी सांगितलं.

"बरं आहे," काका म्हणाले. "मला वाटलं होतं त्यापेक्षा एक कमीच आहे."