काशीनाथच्या सायकलीला ट्यूब नाही

सकाळी साडेसहाला मी नावड्याहून निघालो तो सायकलवर बसून नव्हे, सायकल हातात धरून. दोन्ही टायर चप्पट होते. सायकल करावे गावच्या काशीनाथची, मी आठवड्यापूर्वी घरी आणलेली. न्हावा शेव्याच्या बंदरात आम्ही दोघांनी एका टेबलाशी बसून कंटेनरांचे कागद तपासले आणि निवृत्तीनंतर दर रविवारी जोडीने सायकली चालवल्या. पुढे त्याचा डावा हात लुळा पडला. आता हँडल धरण्याइतका तो सुधारलाय, पण वाटेत पंक्चर झालं तर टायर उलगडून ट्यूब काढणं त्याला जमत नाही. त्यामुळे मी नसलो की तो सायकलला शिवत नाही, नुसता ओट्यावर बसून राहतो. त्याला पुन्हा एकट्याने बाहेर पडता यावं, एवढ्यासाठी माझा हा उद्योग.

साधे टायर ट्यूबलेस करायला फार काही लागत नाही, असं मी व्हिडिओ बघून ठरवून टाकलं होतं. रिमवरची तारांची भोकं चिकटपट्टीने बंद केली, नवा वॉल्व्ह बसवला, आत सीलंट (भोक आतून बुजवणारा पांढरा चीक) ओतलं. पण टायर रिमला धरेना. हातपंप मारून जीव मेटाकुटीला आला. हवा आपली एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर.

तळोज्याच्या रस्त्यावर ट्रकची पंक्चर काढणाऱ्या एकाने आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, बाकीचा ट्रक कुठं सोडला?"

मी सगळी हकिगत सांगितली. "टेन्शन नको," म्हणत त्याने टायरच्या कडांना साबणाचं पाणी फासलं आणि कंप्रेसरची नळी लावली. फाट, फाट! टायर रिममध्ये बसले. चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही निर्लज्जपणे मान लववून त्या घेतल्या.

पुढचा रस्ता सुखाचा. खारघरचा डोंगर कोवळ्या उन्हात छान दिसत होता. बेलापूरला इडली खाताना टायर दाबून पाहिला, तर जरासा मऊ. साध्या टायरच्या अंगातून थोडी हवा झिरपतेच. चार पंप मारले आणि निघालो. सीवूड्सच्या टॉवरांमागून खाडीचा खारट वास आला तेव्हा बरं वाटलं.

काशीनाथ ओट्यावर वाटच बघत होता.

"ट्यूब नाय, तं हवा कशी टिकल रं, सोनवने?"

मी त्याला चिकाची करामत सांगितली: भोक पडलं तर चाक फिरवून ते खाली धरायचं, चीक तिथे जमून ते बुजवतो.

वहिनींनी मला जवळ्याची (बारीक सुकटीची) चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली आणि फडकं घेऊन सायकल पुसायला बसल्या. मागच्या टायरात बाभळीचा काटा रुतला होता, त्याच्याभोवती पांढरा चीक सुकलेला. मला पत्ताच नव्हता, म्हणजे सीलंटने आपलं काम चोख केलं होतं. पण वहिनींचा जन्म मासे साफ करण्यात गेलेला. काटा दिसला की तो निघालाच पाहिजे. त्यांनी चीक खरवडला आणि पक्कडीने काटा उपटला.

सूंऽऽ! पांढरी चिळकांडी थेट लुगड्यावर.

"अगो बाय! भाऊजी, माजे हातानं मोडली ना ही सायकल!" त्यांचे डोळे भरून आले.

मी हातातली भाकरी टाकून उठत होतो.

"मना (मला) बगू दे," काशीनाथ म्हणाला. उजव्या हाताने त्याने चाक गरगर फिरवलं, भोक खाली आणून धरलं. सूं सूं झालं, बुडबुडे आले, मग शांत. त्याने अंगठ्याने टायर दाबला. दगडासारखा नव्हता, पण चालण्याजोगा होता. बुजलेल्या भोकावरून त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

मग त्याने सायकलवर टांग टाकली. मी चपला शोधू लागलो.

"तू बस, जेव. भाकरी गरम हाय. मी जेट्टीवर जाऊन येतो."

गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा झाला. वहिनी दारात उभ्या राहिल्या, मी घास हातात धरून बसलो. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? तासाभराने स्वारी घामाघूम होऊन परतली आणि माझ्याशी बोलायच्या आधी सायकल पुसू लागली.

दुपारी बसने नावड्याला परतताना खिडकीशी बसून मला हसू येत होतं आणि थोडा रागही. आजवर दर शनिवारी फोन यायचा, "उद्या येतोस ना रं?" आता तो फोन मलाच करावा लागणार, आणि विचारावं लागणार, उद्या मला बरोबर नेशील का?